रोमचा बांध

"लांडगीनं पाजलेली पोरं ती," नाथाजी सांगत होता. "जुळे भाऊ. नदीत सोडून दिलेले. थोर झाले आन् त्यांनीच रोम वसवायला घेतलं."

देवळाच्या ओवरीत माणसं मांडी घालून ऐकत होती. लढाई संपल्यावर नाथाजी इटलीहून कराडजवळच्या आपल्या गावी परतला, त्याला काही महिने झाले होते. तरी दिवेलागणीला लोक त्याला धरून बसवत. त्यानं त्या देशाची राजधानी पाहिली होती. सात टेकड्यांवरचं शहर. मधून वाहणारी गढूळ नदी. माणसं मरेस्तोवर झुंजायची आणि सारं गाव गंमत बघायचं, ते दगडी रिंगण. जुनी राज्यं मातीत गाडलेली आणि त्यांच्यावर बायका भाजी विकायला बसलेल्या.

"मग भावाभावांत बिनसलं कशावरनं?" म्हाताऱ्या कोंडीबानं विचारलं.

"भिंतीवरनं. एकानं गावाभवती भिंत घातली. दुसरा हसला आन् उडी मारून पल्याड गेला. पहिल्यानं त्याला तितंच मारला. म्हणला, माझी भिंत वलांडंल त्याची हीच गत."

बोलता बोलता नाथाजीनं नजर खाली घातली. समोर खांबाला टेकून त्याचा थोरला भाऊ लालासाहेब बसला होता.

गावी आल्या आल्या नाथाजी रानात गेला होता. नदीकाठची त्याची पट्टी अरुंद दिसली. दोघांमधला बांध नवा, ताज्या मातीचा. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. नांगर जुंपला, बांध मोडला आणि दादाच्या उभ्या शाळूत घुसला. लालासाहेब धावत आला, तेव्हा नाथाजीनं कुऱ्हाड उचलली. "म्होरं पाय टाकलास तर तोडीन. भाऊ म्हणणार न्हाई." लालासाहेब मुकाट मागं फिरला. त्या दिवसापासून दोघांत शब्द नव्हता.

आज तो बोलला. "राहिला त्याचं काय झालं?"

नाथाजीनं मान वर केली नाही. "राजा झाला. शेराला त्याचंच नाव हाय."

"तिकडं राजा करत्यात," लालासाहेब म्हणाला. "हितं फासावर देत्यात." आणि उठून गेला.

नाथाजीचा डोळा लागला नाही. तांबडं फुटताना तो भावाच्या दारात उभा होता. पाय धरायचे, बांध होता तसा घालून द्यायचा, एवढं मनाशी पक्कं होतं. गोठा रिकामा होता. वहिनी साळूबाई भांडी घोंगड्यात बांधत होती.

"वैनी, दादा कुटं हाय?"

"जतला. माझ्या भावाकडं. जनावरं घिऊन म्होरं गेल्यात, मीबी निगाले. रान तुमाला ठेवलंय." तिनं गाठ आवळली. "म्हणले, माझं काय व्हायचं ते हुईल, पर त्यो फासावर जाईल. एकानं जितेपणी बाजूला झाल्यालं बरं."

जत. पाऊस पडला तर ज्वारी, नाही तर धूळ. नाथाजी उंबऱ्यावरच बसला.

"मी त्यांला माघारी आणतो, वैनी. बांध जुन्या जागी घालून देतो."

"जुनी जागा ऱ्हायलीया कुटं, भावजी?" साळूबाईच्या आवाजात राग नव्हता. "तुमी लढाईवर हुता, तवा म्हापुरात तुमची निम्मी पट्टी नदीनं नेली. ह्यांनी आपल्यातलं रान तोडून तुमच्यात घातलं, म्हून तर बांध नवा दिसला. मी लय येळा सांगाया निगाले. तर म्हणायचे, पाठचा भाऊ हाय, इचारंल की."