हाताची घडी, तोंडावर बोट

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सही करायला मुख्याध्यापक बापूसाहेब देशमुखांनी पेनाचं टोपण काढलं, तोच समोर बसलेली शकुन म्हणाली, "थांबा सर. माह्या पोरीले जे जमत नाई म्हनून तुमी काढून राहिले, ते सोता दहा मिनिटं करून दाखवा."

चांदूर रेल्वेच्या त्या शाळेत बापूसाहेबांशी असं कोणी बोलत नसे. संस्थेचे अध्यक्षसुद्धा आधी खोकत आणि मग बोलत.

शकुनची श्रावणी चौथीत होती. तिचा गुन्हा एकच, ती बसत नसे. "हाताची घडी, तोंडावर बोट" म्हटलं की बाकीची पन्नास पोरं चिडीचूप, आणि ही खिडकीपाशी उभी, या पायावरून त्या पायावर. बरं, उभं राहायची शिक्षा करावी, तर ही बाईसाहेब खूशच! अमरावतीच्या डॉक्टरांनी चार पानी अहवाल दिला होता. पोरगी हुशार आहे, तिला एडीएचडी आहे, एका जागी स्थिर बसणं तिच्या हातात नाही, वर्गात हालचालीची मुभा द्या. बापूसाहेबांनी अहवालावर शिक्का आहे ना तेवढं पाहिलं आणि तो फायलीला लावून टाकला. दोन शाळांतून श्रावणी आधीच निघाली होती. इथूनही निघाली तर शिक्षण संपलं, हे शकुनला पक्कं ठाऊक होतं.

"शाळेत बसून शिकतात, बाई," बापूसाहेब म्हणाले. "उभं राहणं ही शिक्षा असते."

"मंग बसून दाखवा. बसले तं दाखला घेऊन मी गुपचूप चालली जाईन. नाई जमलं तं पोरगी इथंच राहीन, उभी राहून शिकन."

बापूसाहेब मनापासून हसले. एकतीस वर्षं त्यांनी गावाच्या दोन पिढ्या बसवल्या होत्या. "दहा कशाला? वीस लावा," त्यांनी कोपऱ्यात उभ्या असलेल्या वर्गशिक्षिका प्रणाली मॅडमना हुकूम सोडला. मॅडमनी साहेबांच्या वयाचा मान राखून मोबाइलवर दहाच लावली.

"अन् वर्गात मॅडम शिकवत असते न?" शकुन म्हणाली. "तशी मीबी बोलत राहीन."

"बोला की." बापूसाहेबांनी हाताची घडी घातली आणि एक बोट ओठांवर टेकवलं.

पहिलं मिनिट तर मजेत गेलं. दुसऱ्या मिनिटाला डाव्या नाकपुडीत खाज सुटली. एरवी दिवसदिवस नाकाची आठवण होत नाही, आज ते नाक दुसऱ्याचं असतं तर बरं झालं असतं. तेवढ्यात नत्थुजी चपराशी चहा ठेवून गेला. साहेबांना तोंडावर बोट ठेवून बसलेलं पाहून तो दारात अडखळला. चहावर हळूहळू साय धरू लागली. शकुन काहीतरी बोलत होती. पाढ्यांचं होतं बहुतेक.

मग गुडघा आला. बापूसाहेबांचा उजवा गुडघा गेली चाळीस वर्षं टेबलाखाली आपल्या मनानं हलत आला होता, आणि ही गोष्ट त्यांना आजच कळली. त्यांनी तो डाव्या पायानं दाबून धरला. गुडघा थांबला, तर पोटरीत मुंग्या आल्या. एक माशी कानावर बसली, फिरून आली, पुन्हा बसली. शकुनचे ओठ हलत होते, हातवारे चालू होते. एकदा ती थांबली आणि थेट त्यांच्याकडे पाहू लागली. मॅडमही पाहू लागल्या. मला हलवायचा डाव आहे, बापूसाहेबांनी ओळखलं आणि दातओठ आवळून घेतले. ती पुन्हा काहीतरी म्हणाली. हे ढिम्म हलले नाहीत.

मोबाइल वाजला.

"झालं!" बापूसाहेब गरजले. आधी नाक खाजवलं, मग गार चहा सायीसकट एका घोटात संपवला, आणि झोकात सही ठोकली. "घ्या दाखला. शिस्त म्हणतात ती ही!"

शकुननं दाखला घेतला.

"तुमी जिंकले, सर. जातो मी. फक्त मी काय म्हनलं, तेवढं सांगा."

बापूसाहेबांनी तोंड उघडलं. पाढे... आणि एसटीचं काही होतं का? पुढे सगळी पाटी कोरी. त्यांनी मदतीसाठी प्रणाली मॅडमकडे पाहिलं.

"सर, त्या म्हणाल्या, श्रावणी उद्यापासून मागच्या भिंतीपाशी उभी राहून शिकेल. तुमची हरकत असेल तर हात वर करा." मॅडम चाचरल्या. "दोनदा विचारलं, सर. तुम्ही घडी सोडली नाही."

बापूसाहेबांचा चेहरा पार उतरला. ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार कोणावर? एकतीस वर्षं जपलेली शुद्ध भाषा त्या क्षणी त्यांना सोडून गेली.

"बाई, खरं सांगतो," ते म्हणाले, "मले काईच आयकू आलं नाई. सारं ध्यान नुसतं बसन्यातच गेलं."

"तिचंबी तिकडंच जाते, सर," शकुन म्हणाली.