लंबकावरची तक्रार

तक्रार वाचून संपली तरी ती लॅपटॉपकडेच बघत राहिली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बाबा भिंतीवरच्या एका घड्याळाचं पोट उघडून बसले होते.

“बाबा, फोरमवर तुमच्याविरुद्ध तक्रार आलीय.”

“मग काढून टाक.”

“काय?”

“तक्रार. मॉडरेटर आहेस ना तू?”

जुनी घड्याळं दुरुस्त करायचा नाद असलेल्या दोन हजार माणसांचा तो फोरम. आपलं औषधांचं दुकान सांभाळून ती त्यावर देखरेख ठेवायची. जोडीला एक शिंपी आणि एक ग्रंथपाल बाई. बाबा तिथले सगळ्यांत जुने सभासद, टोपणनाव ‘लंबक’. लंबक हे तिचे वडील, हे मात्र तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं.

‘टिकटिक’ नावाच्या एका नवख्यानं आदल्या दिवशी घड्याळ उघडायची आपली रीत लिहिली होती. त्यावर लंबकानं लिहिलं, ‘थांब! आधी स्प्रिंगचा ताण हळूहळू उतरव. भरल्या चावीनं उघडलंस तर स्प्रिंग उसळून बोट फाडेल.’ एवढ्यावर थांबले तर ते बाबा कसले! पुढं होतं, ‘तू आधी घड्याळात किती वाजले ते ओळखायला शीक.’ त्याखाली चाळीस जणांनी हसरे चेहरे टाकले होते.

टिकटिकची तक्रार दोन ओळींची. ‘चूक दाखवली, उपकार झाले. पण चारचौघांत माझं हसं कशाला?’

“खोटं काय लिहिलं मी?” बाबा म्हणाले. “त्याचं बोट वाचवलं.”

“बोट वाचवलंत. नाक कापलंत.”

बाबांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. “म्हणजे आता बापाला शिक्षा करणार तू?”

“मी नाही. बाकीचे दोघं मॉडरेटर ठरवतील.”

तिनं शिंपी आणि ग्रंथपाल बाईंना लिहिलं, ‘लंबक माझे वडील आहेत. या तक्रारीवर मी मत देणार नाही.’ पाठवायच्या बटणाशी मात्र ती थबकली. चार वर्षांत तिनं दिलेल्या प्रत्येक निर्णयाकडे आता लोक संशयानं बघणार होते.

बाबांनी मागून वाकून वाचलं. “हे कशाला सांगायचं? कुणाला माहीत आहे?”

“मला माहीत आहे,” ती म्हणाली आणि बटण दाबलं.

मग तिनं जुनी पानं उघडली. लंबकाविषयीचे स्वतःचे निर्णय एकेक करून वाचले. संध्याकाळपर्यंत एक सापडलाच. गेल्या वर्षी एका निवृत्त पोस्टमननं कुणाला तरी ‘अडाणी’ म्हटलं, तेव्हा तिनं त्याचं लिहिणं आठवडाभर बंद केलं होतं. त्याच महिन्यात लंबकानं तोच शब्द वापरला, तर नुसती समज दिली होती. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता कान गरम झाले. तिनं तेही दोघांना कळवलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना दिसेल अशा पानावर निर्णय आला. ‘लंबकाचा इशारा बरोबर आहे, तो सर्वांत वर ठेवला आहे. शेवटचं वाक्य काढलं, कारण ते घड्याळाबद्दल नाही, माणसाबद्दल आहे. लंबकाला आठवडाभर लिहायला बंदी. टिकटिकची रीत धोक्याची आहे, तशी खूण केली आहे. ती पुसलेली नाही, म्हणजे इतरांनाही चूक कळेल. कुणाला पटत नसेल तर कारण सांगा, पुन्हा विचार करू.’

त्याखाली दुसरी नोंद होती. ‘मॉडरेटरनं वडिलांना एकदा झुकतं माप दिलं. तिनं ते स्वतः कळवलं. यापुढं लंबकाचं काहीही ती बघणार नाही.’ आणि त्याखाली पोस्टमनची तिनं मागितलेली माफी. दोघातिघांनी तिच्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. तिनं एकही ओळ पुसली नाही.

बाबा कालपासून नुसती दारं आपटत होते. दुपारी ते चष्मा लावून आले आणि उभ्याउभ्याच ते पान दोनदा वाचलं.

“माझ्या खाली तुझं नाव आहे.”

“हो.”

“पोस्टमन काय म्हणाला?”

“म्हणाला, पत्र उशिरा आलं, पण पत्त्यावर आलं.”

बाबा फसकन हसले. मग तीही हसली. बाबांनी खुर्ची ओढली आणि ते तिच्या शेजारी बसले.

आठवडा त्यांना फार जड गेला. लिहायला बंदी, वाचायला नाही. “अरे, तेल नको! तेल नको तिथं!” असं ते पडद्यावर ओरडायचे. ऐकणार कोण?

आठव्या दिवशी टिकटिकचा प्रश्न आला. घड्याळ चालू झालं होतं, पण रोज दहा मिनिटं मागं पडत होतं. कुणीच उत्तर दिलं नव्हतं. बाबा एका बोटानं अर्धा तास टाइप करत होते.

“पाठवायच्या आधी जरा बघतेस का?”

“मला तुमचं बघायला मनाई आहे.”

चष्मा पुसून बाबांनी आपलंच लिहिलेलं पहिल्यापासून मोठ्यानं वाचलं, सावकाश, परक्या माणसानं लिहिल्यासारखं. मग ‘तू’ खोडून तिथं ‘तुम्ही’ केलं, आणि पुढची सगळी क्रियापदं एकेक करून बदलत बसले.