मागच्या दारावरची चांदणी

"मागचं दार तर धड आहे, मास्तर. त्याला कशाला हात लावता?" भंगारवाल्याने विचारलं.

मास्तर ढिगाऱ्यात वाकून डॅशबोर्डचे भाग शोधत होते. अपघातात त्यांच्या गाडीचा डॅशबोर्ड फुटला होता आणि पुढच्या दाराच्या आतल्या पॅनलचा पार चुरा झाला होता. नवे भाग घ्यायचे तर हॉस्पिटलने खिसा धुऊन काढलेला. म्हणून हे दुसऱ्या कुठल्याशा मोडीत निघालेल्या गाडीचे भाग. कोपरे तुटके, रंग बदामी, पण मापाला बरोबर. मास्तरांची गाडी आतून राखाडी होती. रंगाचं काय, तो देता येतो.

मागच्या दाराचं पॅनल मिळेल का, असं त्यांनी जाता जाता पुन्हा विचारून पाहिलं. नव्हतं. मग आहे तेच दुरुस्त करणं आलं.

मास्तर पेशाने शिंपी. त्यांनी रफू केलं, की फाटलं कुठे होतं ते गिऱ्हाइकालाच शोधत बसावं लागे. प्लास्टिकचं काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं. तरी दुकानामागच्या खोलीत सगळे तुकडे त्यांनी बेतायच्या कापडासारखे मांडले. आधी भांड्यांच्या साबणाने घासून जुन्या पॉलिशचा तेलकटपणा घालवला. तो राहिला तर रंग धरत नाही, हे भंगारवाल्याने बजावलं होतं. मग भेगांच्या मागे बारीक जाळी ठेवून तापल्या सोल्डरिंग गनने ती प्लास्टिकमध्ये बसवली. वरून पुट्टी, मग पॉलिश पेपर, मग प्रायमर, आणि शेवटी स्प्रेच्या डब्यातला राखाडी रंग, पातळ पातळ हातांनी. पुढचे भाग बघता बघता हातावेगळे झाले.

छळलं ते मागच्या दाराने.

त्यावर लेकीच्या बुटांचे ओरखडे होते. बाईसाहेब मागे बसल्या, की पायांना म्हणून स्वस्थता नसे. खिडकीखाली तिने एक चांदणीही चिकटवली होती. या ओरखड्यांवरून मास्तरांनी एकदा तिला असं फैलावर घेतलं, की पोर घरी पोचेपर्यंत मुसमुसत होती. अपघातातून तिची आई वाचली, ती वाचली नाही. ओरखडे तेवढे राहिले.

ते त्यांनी पुट्टीने भरले. चांदणी खरवडून काढली, खालचा चिकटा स्पिरिटने पुसला आणि रंग मारला. रंग सुकता सुकता त्या जागेवरून मागे सरला आणि चांदणी जशीच्या तशी उमटली. मास्तरांनी पुन्हा घासलं, पुन्हा पुसलं, पुन्हा रंगवलं. पुन्हा चांदणी. तेव्हा ते पॅनल मांडीवर घेऊन खाली बसले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ढसाढसा रडले.

तेवढ्यात जेवणाचा डबा घेऊन त्यांची थोरली बहीण आली. पोरीचे कपडे, खेळणी, भिंतीवरचे फोटो हे सगळं मास्तरांच्या सांगण्यावरून तिनेच आपल्या घरी नेऊन ठेवलं होतं. पण ते तिला मनातून पटलेलं नव्हतं. पॅनल पाहिल्यावर तिला राहवेना.

"तिला न विचारता करतोयस हे सगळं. आई आहे रे ती."

"आधी तिला उभी तर राहू दे, ताई."

"आणि तिने विचारलं म्हणजे?"

"विचारलं, की सांगेन. त्याच क्षणी सांगेन. आपणहून मात्र माझी जीभ रेटत नाही."

ताईने डबा बाजूला ठेवला, स्पिरिटचा बोळा उचलला आणि भावाच्या शेजारी बसून तीही चांदणी पुसू लागली.

हॉस्पिटलात बायकोने लेकीचं नाव एकदाही काढलं नव्हतं. मास्तरही काढत नसत. उशाशी बसायचे, फळं चिरून द्यायचे, दुकानातल्या विक्षिप्त गिऱ्हाइकांच्या नकला करून तिला हसवायचे. ती गाडीचं मात्र रोज विचारायची. घेतली तेव्हा आतून कशी लखलखीत होती, तशीच ठेवलीत ना, असं. हो, अगदी तशीच, म्हणत मास्तर मान खाली घालायचे. तिच्या डोक्याला मार बसला होता; डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, की घरी ओळखीच्या गोष्टींत राहू द्या आणि तिच्या मनाला जेवढं झेपेल तेवढंच बोला.

सुट्टी मिळाली त्या दिवशी तिचा पाय प्लास्टरमध्ये होता. तो सीटवर लांब करता यावा म्हणून तिला मागेच बसवावं लागलं, नेमकं त्या दाराला टेकून. समोरचा डॅशबोर्ड पाहून ती खूश झाली. आपण ती चांदणी, ते ओरखडे पुसायला नको होते, असं मास्तरांना त्या क्षणी प्रथमच वाटलं. तिने जाब विचारला, तर गाडी थांबवून सगळं सांगायचं, मग ती काय वाटेल ते बोलो, असं त्यांनी ठरवलं.

वळणावर ऊन तिरपं होऊन आत आलं. मास्तरांनी आरशातून पाहिलं. तिचा तळवा पॅनलवरून हळूहळू फिरत होता. खिडकीखाली तो थांबला. बोटं तिथेच घुटमळली. मास्तरांनी गाडी कडेला घेतली आणि मान वळवून तिच्याकडे बघत राहिले.

"एक ओरखडा नाही हो," ती कौतुकाने म्हणाली आणि हसली. "पण आत्ताच सांगून ठेवते. आपल्याला मूल झालं आणि त्याने इथे ओरखडे काढले, तर त्याच्यावर ओरडायचं नाही हं."