चंद्रीची राखुंडी

सत्तावन्न साली बदलापूरजवळच्या पाड्यावर मुंबईहून साहेब आला. म्हणाला, विहिरीच्या पाण्यात युरेनियम नावाचं विष आहे. चंद्रीला काही उमगेना. पाणी तर आरशासारखं नितळ! साहेबाने भोकाच्या मडक्यात कोळशाचा चुरा भरला.

"यातून गाळूनच प्या. कोळसा विष धरून ठेवतो. महिन्याला नवा भरा."

चंद्रीचा जन्म कोळशाच्या भट्टीवर गेलेला. तिने इमानाने तसंच केलं.

पुढच्या खेपेला साहेबाने पाणी तपासलं. "शाब्बास! एकदम शुद्ध. जुना कोळसा कुठे टाकला?"

"टाकाचा कशाला? वालवून राखुंडी केली. आख्खा पाडा तिनंच दात घासतो. तुमच्यासाठी पन ठेवलीय."

साहेब पांढराफटक पडला.

"का वो? पानी तं चांगला निघाला ना?" चंद्रीने पुढे केलेली डबी तशीच हातात राहिली.