दोन्हीकडून

रिपोर्ट मोबाइलवर आले तेव्हा अमिता आईला, केसरबाईंना, वरणभात भरवत होती. समोर धाकटी बहीण प्रज्ञा बसली होती, सकाळच्याच गाडीनं नागपूरहून पांढुर्ण्याला आलेली. घास अमिताच्या हातचा, आणि केसरबाई हसत होत्या प्रज्ञाकडे पाहून. सगळं विसरल्या होत्या, तिचं नाव तेवढं शिल्लक होतं. सहा वर्षं हागणंमुतणं काढणाऱ्या अमिताला त्या "ओ बाई" म्हणत.

अमितानं स्वतःचा आणि प्रज्ञाचा, दोन्ही रिपोर्ट वाचले. रक्त घेताना नागपूरच्या डॉक्टरनं समजावलं होतं. मेंदूत राखणदार पेशी असतात, साचलेली घाण त्या उचलतात. एका जनुकामुळे त्या कामात ढिल्या पडतात, पुढं बिथरून धडधाकट भागालाही इजा करतात. जनुक असलं म्हणजे आईसारखं होईलच असं नाही, पण धोका वाढतो. आईवडील दोघांकडून आलं तर फारच.

अमिताला दोन्हीकडून आलं होतं. प्रज्ञाला एकाकडूनही नाही.

गोरा रंग तिला, नोकरी तिला, आईच्या तोंडी नाव तिचं. आणि आता हेही.

"काय आलं वं ताई?"

"तुले हाये," अमिता म्हणाली. "दोन्हीकडून."

"अन् तुले?"

"मले नाई."

प्रज्ञा पांढरीफटक पडली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग अमिताचा गुडघा धरून म्हणाली, "पण तू हाये नं ताई. मायचं करून राहिली, तसं माझंबी करशील. करशील नं?"

अमिताच्या हातातला घास वाटीत पडला. खोटं बोलूनही करणं तिच्याच वाट्याला आलं होतं.

"खोटं बोलली मी." तिनं मोबाइल प्रज्ञापुढं धरला. "पाह्य नीट. तुले काईच नाई. मले हाये. आता सांग, माझं कोण करन?"

प्रज्ञानं दोन्ही नावं पुन्हापुन्हा वाचली. मग अमिताच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडू लागली. "मी करीन ताई. मीच करीन."

अमिता तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पण रडू फुटायच्या आधी प्रज्ञानं सोडलेला लांब श्वास तिनं ऐकला होता.