सिलोनची फुलपाखरं

सिलोनच्या सहलीहून द्वारका फुलपाखरांचे फोटो काढून मोर्शीला घरी आली, तेव्हा तिची आई पार्बताबाई खो खो हसली. "काहून वं, संत्र्यावरच्या अळ्या वेचता वेचता तुह्या बाबाची कंबर मोडली, अन् तू त्यायच्या फुलपाखराचे फोटो काढाले समुद्रापार गेली!"

द्वारकाही हसली. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं आणि घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. कॅमेरा धरला की ते पळायचे. "माहा काय काढतं? फुलपाखराचा काढ."

भरदुपारी संत्र्यांच्या कोठीच्या दारा-फटींना गोणपाट लावून, लाल कंदिलाखाली मायलेकी फोटो छापायला बसल्या. परातीतल्या औषधाच्या पाण्यात पहिला फोटो उमटला. फुलपाखरू फुलावर नव्हतं, कुणाच्या तरी बोटावर बसलं होतं. सिलोनात तिथं कुणीच नव्हतं. फिल्मवरही फुलपाखरू फुलावरच होतं.

दुसऱ्या कागदावर मनगट आलं, संत्री तोडताना कातरीनं झालेल्या वणासकट. तिसऱ्यावर सदऱ्याची बाही, कोपराशी ठिगळ.

"हे ठिगळ म्याच लावलं होतं," पार्बताबाई हरखून म्हणाली.

द्वारकेनं शेवटचा कागद पाण्यात सोडला.

"हळू हालव, पोरी."

आधी फुलपाखरू आलं. मग खांदा. मग गळ्याची गुंडी.

शेजारी लुगडं सळसळलं. बाबा घरात शिरताना घ्यायची तसा पार्बताबाईनं डोक्यावरून पदर घेतला. ती परातीकडे पाहत नव्हती. दाराकडे पाहत होती.