कोणापासून कोणाला

"मले कोनत्याई खोलीत टाका, पन या मानसाजवळ नको," तानबा पडल्या पडल्या म्हणाला.

'हा माणूस' म्हणजे शेजारच्या खाटेवरचा बाबाराव, त्याचा सख्खा थोरला भाऊ.

"दुसरी खोली नाही, काका," डॉ. माधवी शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या दोघांच्या अंगात एकाच प्रकारचा जंतू सापडलाय. नेहमीच्या औषधांना तो दाद देत नाही. इतर पेशंटना लागू नये म्हणून तुम्हाला वेगळं ठेवायचं. एकच जंतू असलेले दोघं एका खोलीत चालतात."

"जंतूले चालत असन. मले नाई चालत."

दार बंद झालं. आंजी गावात एकाच गल्लीत राहून या दोघा भावांनी पाच-सहा वर्षांत एकमेकांशी शब्द काढला नव्हता. कारण काय, तर बाबारावच्या पोराच्या लग्नाची पत्रिका. निमंत्रकांत मावसभावाचं नाव होतं, सरपंचाचं होतं, सख्ख्या काकाचं तेवढं नव्हतं. बाबाराव म्हणाला, छापणाऱ्यानं गाळलं. तानबा म्हणाला, गाळायला सांगितलं म्हणून गाळलं. तेव्हापासून एक जण पानठेल्यावर दिसला की दुसरा आल्या वाटेनं माघारी फिरायचा. माणूस जमिनीचा तंटा विसरेल, पत्रिकेत न छापलेलं नाव विसरत नाही.

त्यात आता ताजं गाऱ्हाणं होतं. न्यूमोनियानं तानबा आयसीयूत मशीनवर पडला होता, वाचतो की जातो अशी गत होती, तेव्हा अर्धी आंजी दाराशी येऊन गेली. शुद्धीवर आल्या आल्या त्यानं समीक्षाला विचारलं होतं, "तो आलता काय?"

पोरगी औषधाच्या बाटल्या आवरत राहिली. तानबा समजायचं ते समजला.

समीक्षा त्याची एकुलती एक. आई नाही, वर्ध्याला बँकेत नोकरी. तिचं मात्र त्याला फार कौतुक होतं. आयसीयूत गुंगीतही रोज दुपारी कोणीतरी आपल्या तळपायांना जवसाचं तेल चोळतंय, एवढं त्याला कळायचं. त्या हातांनी जिवाला धीर यायचा. नोकरी आणि घर सांभाळता सांभाळता पोरीचे हात केवढे खरबरीत झाले, असं वाटून त्याला भरून यायचं.

तो साध्या वॉर्डात आला आणि थोड्याच दिवसांत बाबारावला त्याच दवाखान्यात भरती केलं. साखरेचा आजार, पायाला चिघळलेली जखम. मग दोघांच्या तपासण्या आल्या, आणि पत्रिकेनं तोडलेले भाऊ जंतूनं एका खोलीत आणून टाकले.

बोलणं नव्हतंच. जे काही असेल ते वॉर्डबॉय हिरालालच्या मार्फत.

"हिरालाल, त्याले सांग, घोरू नको म्हना."

"हिरालाल, त्याले सांग, मी जागाच होतो. घोरून तोच राह्यलता."

"दोघंई घोरता," हिरालाल म्हणायचा आणि चहा ठेवून जायचा.

एका गोष्टीवर मात्र बाबाराव कधी उलटून बोलायचा नाही. "हा रोग याचाच," तानबा छताकडे पाहत म्हणायचा. "पत्रिकेत नाव टाकलं नाई, जंतू बरा बिनबोलावता धाडला." त्यावर बाबाराव नुसता भिंतीकडे तोंड करून निजायचा. तानबाला वाटायचं, चोराच्या मनात चांदणं.

शेवटी ठेवणीतलं इंजेक्शन लागू पडलं. तानबाचा ताप उतरला तो परत चढला नाही. बाबारावच्या जखमेत लालसर मांस धरू लागलं. पाय कापावा लागेल ही टांगती तलवार गेली. एका सकाळी डॉ. माधवी हसतच आत आल्या.

"काका, सुटलात दोघंही. उद्या घरी."

समीक्षा दाराशीच उभी होती. ती पदराचं टोक तोंडावर धरून रडली. तानबानं हात जोडले. इतक्या दिवसांचं छातीवरचं ओझं उतरलं. आता घर, अंगण आणि पोरीच्या हातची ज्वारीची भाकर. पण स्वभावाला औषध नाही.

"मॅडम, येक सांगा. जंतू कोनापासून कोनाले लागला? याच्यापासूनच मले ना?"

"मीच तुम्हाला विचारणार होते," डॉक्टर म्हणाल्या. "दोघांच्या जंतूंची जनुकं तपासली. तंतोतंत जुळली. पण तो तुमच्याकडून त्यांच्याकडे गेलाय, काका. तुम्ही आयसीयूत होता तेव्हाच तुमच्या नमुन्यात तो होता. हे भरती झाले त्याच दिवशी यांच्या जखमेत सापडला. म्हणजे इथं यायच्या आधीच लागलेला."

"हवेनं गेला असन."

"हा हवेनं जात नाही. हातानं जातो. आजाऱ्याच्या अंगाला हात लावायचा आणि त्याच हातानं घरी आपली जखम बांधायची, असं रोज रोज झालं की जातो. पण तुम्ही तर भेटतच नव्हता ना?"

डॉक्टर थोडा वेळ थांबल्या आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या. बाबारावनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"बाबा," समीक्षा हळूच म्हणाली, "दुपारी मी बँकेत राहत होती. मी सकाळ-संध्याकाळच येत होती." बाबारावच्या पाठीकडे पाहून ती अडखळली. "तुले कळलं तं तू नळ्या उपटून फेकशीन, म्हनत. शपथ घातलती मले."

तानबानं मान वळवून भावाकडे पाहिलं. मग त्यानं पांघरुणातून दोन्ही पाय बाहेर काढले.

"दादा," तो म्हणाला, "आज तेल नाई आनलं काय?"